पत्र्याच्या बारा ट्रंका

चित्र म्हटले की भिंत आणि मूर्ती म्हटली की चौथरा, एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु एखाद्या दालनात वस्तू, प्रकाश, ध्वनी व हलती चित्रे अशी मांडावीत की पाहणाऱ्याने कलाकृतीसमोर उभे न राहता तिच्या आतच शिरावे, असाही एक कलाप्रकार आहे. त्यास ‘मांडणशिल्प’ म्हणतात. घर सुटलेल्या माणसांना तो जवळचा का वाटावा, हे आपण पाहू.

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. दुसऱ्याच वर्षी फाळणी झाली आणि कुटुंब निर्वासित होऊन भारतात आले. कराचीची स्वतःची अशी आठवण त्यांना असणे शक्यच नव्हते. जी होती ती वडीलधाऱ्यांची. (गोव्यातील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. सोळाव्या शतकात देव घेऊन नदीपार गेलेल्यांच्या वंशजांना मूळ गावाचे नाव अजून ठाऊक असते.)

१९९८ च्या मे महिन्यात भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांनी अणुस्फोट केले. त्यानंतर मलानींनी सादत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेवरून एक मांडणशिल्प रचले. १९४८ साली मुंबई सोडून लाहोरला गेलेल्या मंटोंची ही कथा विलक्षण आहे. फाळणीनंतर वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांचीही अदलाबदल ठरते. बिशनसिंगाचे गाव कोणत्या देशात गेले, हे त्याला कोणी धड सांगत नाही. सीमेवर ते पाकिस्तानात असल्याचे कळताच तो पलीकडे जाण्यास नकार देतो, आणि अखेर दोन देशांमधील, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो.

१९९९ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात ही कृती मांडली गेली. जमिनीवर पत्र्याच्या १२ ट्रंका उघड्या होत्या आणि त्यांत कपडे नव्हेत, तर दूरदर्शन संच ठेवलेले होते. घाईने घर सोडणारा माणूस ट्रंकेत काय भरतो, हे कोणत्याही आजीस विचारावे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकाच साडीची घडी घालू पाहत होत्या. साडीची घडी दोघींनी मिळून घालावयाची असते. एकीने टोके धरून दुसरीकडे जावयाचे असते. येथे मध्ये अख्खे दालन पसरलेले. आणि त्या दालनात, म्हणजे बिशनसिंग पडला त्याच जागी, प्रेक्षक उभा! आम्हांस या कृतीचे मर्म येथेच दिसते.

अशाने मनाची जखम भरते काय? गेलेले घर परत मिळत नाही, हे उघड आहे. ‘मन हलके होते’ असे म्हणणेही आम्हांस उथळ वाटते. परंतु एकट्याने वाहिलेल्या दुःखास जागा मिळाली की तेथे दुसऱ्यासही येता येते.

एमिली जासिर या पॅलेस्टिनी कलावतीने २००१ साली न्यूयॉर्कमध्ये निर्वासितांचा एक तंबू घेतला व १९४८ मध्ये उद्ध्वस्त वा निर्मनुष्य झालेल्या ४१८ गावांची नावे त्यावर दोऱ्याने भरावयास घेतली. एकट्या हातांस ते काम आवरेना. मग ओळखीचे, अनोळखी असे शंभराहून अधिक लोक येऊन टाके घालू लागले. त्यांत त्या गावांचे वंशज होते, आणि त्याच गावांच्या अवशेषांजवळ लहानाचे मोठे झालेले इस्रायलीही होते. प्रदर्शनाचा दिवस उजाडला तेव्हा काही नावे अजून नुसती रेखाटलेलीच होती. ती तशीच राहू दिली.