पालेभाजी व डाळ : इटलीच्या पाकशाळेतील एक धडा

पालेभाजी व डाळ यांचे सख्य आपणांस नवीन नाही. खैरलांजीच्या परिसरात धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोरीचा उतेरा टाकतात, आणि हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडतात. खुडल्याने रोपास अधिक फांद्या फुटतात. अर्थात भाजीही मिळते व पीकही राखले जाते. हीच लाखोरी इटलीत ‘चिचेर्किया’ या नावाने शिजते. मात्र महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न केल्यास पाय लुळे पडतात, हे तेथेही खरे व येथेही.

इटलीच्या दक्षिणेस पुलिया प्रांत आहे. तेथील श्रमिकांचे जुने जेवण म्हणजे बाकल्याच्या सोललेल्या वाळक्या डाळीचे घोटलेले वरण व त्यासोबत उकडलेली चिकोरीची कडवट पाने. मसाला असा नाहीच. मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढेच. भूमध्यसागरी प्रदेशाच्या अशा साध्या आहारपद्धतीस युनेस्कोने २०१० साली मानवी वारशाच्या सूचीत स्थान दिले.

आपल्या घरी हा पदार्थ सहज साधतो. ४ माणसांस २०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ ४ तास भिजवावी, मऊ शिजवून घोटावी व तीत २ चमचे तेल फेसावे. चिकोरीऐवजी निवडून धुतलेली मेथी मिठाच्या पाण्यात उकडावी, निथळून डाळीशेजारी वाढावी. डाळीचा गोडवा व पानांचा कडवटपणा एकमेकांस तोलून धरतात.

तथापि इटलीचे सर्वच पदार्थ आपणांस ग्राह्य नाहीत. वरील वरणात कित्येक जण बटाटा घालतात. तुळशीच्या जातीच्या पानांच्या ‘पेस्तो’ चटणीत लसूण असतो. सर्वांत सूक्ष्म गोष्ट चीजची. अस्सल ‘पार्मेसान’ करताना दूध गोठविण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, आणि ‘पेकोरीनो रोमानो’साठी कोकराच्या. दिसावयास केवळ दूध, परंतु मुळाशी हिंसा! म्हणून वेष्टनावरील हिरवे चिन्ह पाहावे, रेनेट वनस्पतिजन्य अथवा सूक्ष्मजीवजन्य असल्याची खात्री करावी, आणि उपाहारगृहात निःसंकोच विचारावे.

चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य. पावसाळ्यात पानांवर सूक्ष्म जीवांची वस्ती वाढते. तेव्हा हा पदार्थ हिवाळ्यासाठीच राखावा.

मुलांनी परदेशी पदार्थ मागितला असता केवळ नकार दिल्याने नियम टिकत नाही. कारण सांगितल्याने टिकतो. धान्य घेताना आपण वरची मूठ पाहून सौदा करीत नाही, पोत्याच्या तळाचा नमुना काढतो. ताटातील अन्नासही तीच पारख लावावी.