पहिली पिशवी कोण टाकतं?

या वेळच्या टपालात कचरा आणि वाहतूक या दोन विषयांवरची पत्रं सर्वांत जास्त होती. वरवर पाहता हे दोन विषय वेगळे आहेत, पण पत्रं एकापाठोपाठ एक वाचत गेलो तेव्हा त्यांतली तक्रार एकच असल्याचं जाणवलं: आपल्या गल्लीत माणसं एकमेकांचा विचार का करत नाहीत? म्हणून त्यांतले पाच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाखाली रोज कचऱ्याच्या पिशव्या पडतात. सकाळी पालिकेचे लोक उचलून नेतात, संध्याकाळी पुन्हा ढीग. दारोदार कचरा घ्यायला ताई येत असताना माणसं नेमकी तिथंच का टाकतात? (सिंहगड रस्ता, पुणे)

कारण तिथं आधीच एक पिशवी पडलेली असते. उत्तर फार सोपं वाटेल, पण ते मोजून पाहिलेलं आहे.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका बोळात, सायकली लावायच्या जागी, एक प्रयोग केला. तो २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रत्येक सायकलच्या हँडलला रबर लावून जाहिरातीचा एक कागद अडकवला होता. आसपास कचरापेटी नव्हती. बोळातली भिंत स्वच्छ होती तेव्हा शंभरात ३३ जणांनी तो कागद खाली टाकला. त्याच भिंतीवर काहीबाही खरडून ठेवलं, तेव्हा हा आकडा ६९ वर गेला. बोळ तोच, कागद तोच. बदलली होती फक्त भिंत.

त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. टपालपेटीतून अर्धवट बाहेर आलेलं एक पाकीट ठेवलं, आतली पाच युरोची नोट खिडकीतून दिसेल असं. परिसर स्वच्छ असताना शंभरात १३ जणांनी ते पाकीट लांबवलं. पेटीभोवती कचरा पसरलेला असताना २५ जणांनी. म्हणजे कचरा पाहून माणूस नुसता कचराच करतो असं नाही. ‘इथं कुणाचं लक्ष नाही, इथं काहीही चालतं’ असा निरोप त्याला तो ढीग देत असतो.

आता तुमच्या खांबाकडे येऊ. पालिकेच्या भाषेत अशा जागेला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. तिथली पहिली पिशवी बहुतेक वेळा कुणी दुष्टाव्यानं टाकलेली नसते. सकाळी सहाला कामावर निघणारं जोडपं असतं आणि ताई येतात नऊला. खोली भाड्यानं घेतलेली मुलं असतात. कचरा कुणाकडे द्यायचा हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. रात्री उशिरा शटर ओढणारा दुकानदार असतो. यांची अडचण ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीनं सुटत नाही. उलट ती पाटीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की इथं कचरा टाकायची रीत आहे.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नजर ठेवा आणि पिशवी कुठल्या वेळी येते ते शोधा. टाकणाऱ्याला आधी अडचण विचारा. शेजारच्या सोसायटीनं फाटकाच्या आत एक डबा ठेवला, किंवा शेजारणीनं ‘तुमची पिशवी माझ्या दारात ठेवून जा, मी ताईंना देईन’ असं म्हटलं, तर अर्धं काम होतं. मग जागा पूर्ण धुऊन काढा आणि पहिले काही दिवस ती एकही पिशवी न पडता राहील असं पाहा. पुण्यात अशा जागी रांगोळी काढलेली अनेकांनी पाहिली असेल. रांगोळीवर पिशवी टाकायला हात कचरतो, कारण कुणीतरी इथं वाकून, वेळ देऊन काहीतरी केलंय हे डोळ्यांना दिसतं.

प्रश्न : आम्ही ओला-सुका वेगळा करतो, पण पुढे गाडीत सगळं एकत्रच होताना दिसतं. मग कशाला करायचं? (कोथरूड)

गाडीत एकत्र होत असेल तर ते चूकच आहे. क्षेत्रीय कार्यालयाकडे तक्रार करा, आणि एकट्यानं नव्हे, सोसायटीच्या नावानं करा. पण तुमचा डबा आणि ती गाडी यांच्या मधे दोन हात असतात. वर्गीकरण आधी त्या हातांसाठी करायचं.

पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली. पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायचं काम घेतलं. ज्या बाया पूर्वी उकिरड्यावर कचरा वेचत होत्या, त्या आता तुमच्या दारात येऊन तो घेतात आणि सुका माल निवडून भंगारात विकतात. त्या निवडण्यावर त्यांचं घर चालतं.

एका सकाळी गुलमोहराखाली पोतं अंथरून बसलेल्या ताईंजवळ मी थांबलो होतो. पिशवी उघडायच्या आधी त्या ती बाहेरून हलक्या हातानं दाबून बघत होत्या. मी कारण विचारलं, तर उत्तर न देता त्यांनी तळहात पुढे केला. अंगठ्याखाली वाळलेली जखम होती. थोड्या वेळानं एका पिशवीत उरलेल्या पोह्यांत फुटक्या बल्बच्या काचा निघाल्या. त्यांनी एकेक काच चिमटीत धरून बाजूला काढली, कागदात गुंडाळली आणि पुढची पिशवी घेतली. त्या घरात बल्ब फुटला तेव्हा कुणाला लागू नये म्हणून फरशी नक्कीच दोनदा झाडली गेली असेल. ती काळजी उंबऱ्यापाशी संपली.

म्हणून तीन गोष्टी. काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून वेगळी द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे कुणाला ते उघडून पाहावं लागणार नाही. ही लाल ठिपक्याची खूण पुण्यात ‘स्वच्छ’नं रुजवली. आणि दुधाची पिशवी धुऊन द्या.

कचऱ्याच्या या प्रवासाचं दुसरं टोक आहे पुण्याजवळची उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं या गावांच्या शिवारात नेऊन टाकला गेला. ओला कचरा ढिगात दबला की हवेविना कुजतो, त्यातून मिथेन निघतो, आग लागते, आणि काळं पाणी झिरपून जमिनीत उतरतं. तिथल्या लोकांच्या विहिरी नासल्या आणि कचऱ्याच्या गाड्या अडवायला त्यांना रस्त्यावर यावं लागलं. २०१६ साली केंद्राच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असं घरच्या घरी वेगळं करणं प्रत्येकाला बंधनकारक केलं, त्याची गरज अशा गावांकडे पाहिलं की कळते. आपला ओला कचरा सोसायटीच्या आवारातच जिरला, तर तेवढा भार कुणाच्या तरी विहिरीवरून उतरतो.

प्रश्न : आमच्या गल्लीतून मुलं दुचाक्या सुसाट नेतात, मोटारीही तशाच. बोललं की म्हणतात, ‘काका, घाई आहे.’ गल्लीतल्या वेगानं खरंच एवढा फरक पडतो का? (ठाणे)

पडतो, आणि त्याचा हिशोब शाळेतल्या गणिताएवढाच आहे. तो त्या मुलांना जरूर दाखवा.

अर्ध्या किलोमीटरची गल्ली ताशी ३० किलोमीटर वेगानं ६० सेकंदांत संपते. ताशी ५० नं ३६ सेकंदांत. वाचतात २४ सेकंद. पुढच्या सिग्नलला थांबलं की तेही गेले.

आता दुसरी बाजू. चेंडूमागे एक पोर रस्त्यावर आलं. ते डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ५० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी सुमारे १४ मीटर पुढे जाते, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर थांबायला तिला आणखी तेवढंच अंतर लागतं. ३० च्या वेगात मात्र पहिल्या सेकंदाचे ८ मीटर आणि ब्रेकचे साधारण ५, असे मिळून १३. म्हणजे ३० नं जाणारी गाडी जिथं पूर्ण थांबते, तिथं ५० नं जाणाऱ्या गाडीचा ब्रेक अजून लागायला सुरुवातही झालेली नसते. ते पोर १३ मीटरवर असेल, तर एक गाडी त्याच्यासमोर थांबते आणि दुसरी पूर्ण वेगानं त्याला धडकते.

राँग साईडचंही तसंच आहे. ‘जरासं समोरच तर जायचंय, वळसा कोण घालणार’ असं म्हणून आपण उलटे घुसतो. पण फूटपाथवरून उतरणारी आजी ज्या दिशेनं गाडी यायला हवी त्याच दिशेला बघत असते. आपण तिच्या पाठीमागून येतो. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यानं उलट्या दिशेनं जाणं, सिग्नल तोडणं आणि हातात मोबाईल धरून गाडी चालवणं ही तिन्ही कृत्यं ‘धोकादायक वाहन चालवणं’ या एकाच कलमाखाली, कलम १८४ मध्ये, आणली. कायद्यानं त्याला ‘जरासं’ म्हटलेलं नाही. आपणही म्हणू नये.

प्रश्न : सिग्नल हिरवा व्हायच्या आतच मागून हॉर्न सुरू होतात. त्यानं कुणी लवकर पोचतं का? (दादर, मुंबई)

नाही. मुंबई पोलिसांनी हे शहराला फार चांगल्या रीतीनं दाखवून दिलं होतं. जानेवारी २०२० च्या अखेरीस त्यांच्या एका प्रयोगाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. सीएसएमटी, पेडर रोड अशा काही ठिकाणच्या सिग्नलला त्यांनी आवाज मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नचा एकत्रित आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न, तितकं थांबणं.

तुलनेसाठी सांगतो : ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, हे लक्षात घेतलं की ८५ म्हणजे किती ते कळेल. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात निवासी भागात आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायला मनाई आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती निदान १०० मीटरचं शांतता क्षेत्र शासन जाहीर करू शकतं.

पण नियमापेक्षा एक सवय उपयोगी पडेल. पुढची गाडी हलत नसेल तर हॉर्नवर हात जायच्या आधी मनात विचारा, ‘तिच्यापुढे कोण असेल?’ काही दिवसांपूर्वी माझ्यापुढच्या रिक्षावाल्यानं दिवा हिरवा होऊनही रिक्षा जागची हलवली नाही. मागून चार-पाच हॉर्न वाजले. त्यानं हात बाहेर काढून सगळ्यांना थोपवलं. मग रिक्षाच्या पुढून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पलीकडे गेले. सिग्नल बदलला तेव्हा ते निम्म्यात होते. हॉर्न वाजवणाऱ्यांपैकी एकालाही ते दिसत नव्हते. दिसले असते, तर एकानंही वाजवला नसता.

प्रश्न : चुकणाऱ्याला टोकलं की भांडण होतं. दंड वाढवल्याशिवाय लोक सुधारतील का? (चिंचवड)

दंड हवाच. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुणे महापालिकेनं रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दंड तर केलाच, शिवाय आपली थुंकी आपल्या हातानं पुसायला लावली. तेव्हा सगळ्या शहरात त्याची चर्चा झाली, कारण दुसरा कुणीतरी रोज काय पुसतो हे त्या माणसांना पहिल्यांदा कळलं. पण प्रत्येक गल्लीत पथक उभं राहू शकत नाही. गल्लीत उभे असतो आपण.

टोकण्याचीही एक रीत आहे. चारचौघांत ओरडू नका. माणूस चूक सोडून अब्रू सांभाळायला लागतो. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका; तो माणूस सुधारत नाही, फक्त वैरी होतो. दुसऱ्या दिवशी, राग उतरल्यावर, एकट्याला गाठा. ‘दादा, काल इथल्या काचेनं ताईंचा हात कापला’ असं नेमकं घडलेलं सांगा. ‘तुम्ही लोक असेच’ हे वाक्य कधीही वापरू नका. आणि पर्याय हातात द्या : गाडी लावायला ही जागा आहे, कचऱ्याला ही वेळ आहे.

सर्वांत उपयोगी टोकणं न बोलता होतं. ग्रोनिंगनच्या बोळानं दाखवलं की एक खरडलेली भिंत दुप्पट लोकांना बिघडवते. त्याच आकड्यांची दुसरी बाजू ही की एक स्वच्छ भिंत निम्म्या बिघडणाऱ्यांना सावरते. झेब्रा क्रॉसिंगवर तुम्ही गाडी थांबवली की शेजारचाही थांबतो. उद्या एकदा करून पाहा. गाडीत चॉकलेटचा कागद खिशात ठेवणाऱ्या बापाचं पोर खिडकीतून कागद फेकत नाही. हे उपदेशानं येत नाही, बघून येतं.

म्हणून सर्व वाचकांना एक विनंती. येत्या रविवारी सकाळी आपल्या इमारतीतल्या चार-पाच जणांनी खाली उतरा. गल्लीतली जी एक जागा सर्वांत घाण आहे ती स्वच्छ करा आणि कचरा घेणाऱ्या ताईंना त्यांचं नाव आणि त्यांची वेळ विचारून ती जिन्यात लिहून लावा. त्या सकाळी गाडी काढू नका, गल्लीतून चालत फिरा. आपल्या गल्लीतून चालणं किती कठीण झालंय, हे तेव्हाच कळतं.