गहाळ नाही, चोरी

बाभुळगावात तहसीलच्या रस्त्याला माझे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. बावीस वर्षे झाली, लोकांचे अर्ज लिहून देतो. सातबाराचे, दाखल्याचे, पीक विम्याचे आणि पोलीस ठाण्यात द्यायचेही. त्याआधी काही वर्षे एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. माझ्याकडे कळंब, नेर, धामणगावकडचीही माणसे येतात. त्यामुळे पुढे ज्या ठाण्याचे किंवा पत्राचे सांगणार आहे, त्याचे नाव घेत नाही. एकाचे नाव घेतले की बाकीचे सुटतात, आणि सांगायचे आहे ते सगळ्यांचेच आहे. त्यात मीही आलो.

१. कागदावर चुकीचा पडलेला एक शब्द माणसाला किती महागात पडतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एक बाई आहेत. गिऱ्हाइकाला वांगी तोलून देत असताना पोत्यावर ठेवलेला त्यांचा मोबाइल गेला. अकरा हजारांचा, पोराने हप्त्यावर घेऊन दिलेला. ठाण्यात गेल्या, तर टेबलावरच्या माणसाने मान वर न करता सांगितले, "चोरी-गिरी नको लिवू. गहाळ झाला असं लिवून आण." त्या माझ्याकडे आल्या आणि मी लिहून दिले: 'बाजारात खरेदी करीत असताना माझा मोबाइल कुठेतरी पडून गहाळ झाला. माझी कोणावरही शंका नाही.' हा मजकूर माझ्या बोटांना इतका पाठ आहे, की समोर कोण बसले आहे ते पाहावेही लागत नाही. बाई विकत होत्या, मी 'खरेदी' लिहिले. पडून गेला नव्हता, मी 'पडून' लिहिले. एका पोरावर त्यांना पक्की शंका होती, मी 'शंका नाही' लिहिले. तीन ओळींत तीन खोट्या गोष्टी, आणि त्याखाली त्यांची सही. वीस रुपये घेतले.

नऊ दिवसांनी त्या परत आल्या. तोवर त्यांच्या खात्यातून चार वेळा पैसे निघाले होते. बँकेने चोरीच्या तक्रारीची नक्कल मागितली. बाई मला विचारत होत्या, "भाऊ, तुमी लिवलेला कागद दाखवला, तं ते म्हंते याच्यात चोरी कुठी हाये?" मला उत्तर देता आले नाही.

२. ठाण्यात 'गहाळ' का लिहायला लावतात, हे मला माहीत होते. इतकी वर्षे मी ते व्यवहार म्हणून चालवून घेतले. गहाळ झाल्याची नोंद घेतली की गुन्हा दाखल होत नाही. गुन्हा नाही म्हणून तपास नाही, आणि वरच्या बैठकीत 'एवढ्या चोऱ्या का झाल्या' म्हणून जाब विचारला जात नाही. ठाण्याच्या फळ्यावरचा आकडा शांत राहतो आणि बाजारातला चोर पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर तो नोंदवावाच लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगून ठेवले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७३व्या कलमात फिर्यादीची नक्कल फिर्यादीला फुकट द्यावी, असे लिहिले आहे. नव्या कायद्यात आणखी एक बारकावा आहे, तो शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावा. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असली, तर गुन्हा अदखलपात्र ठरू शकतो. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली की "किती होती रे केबल? चार हजाराची?" असे विचारतात, तेव्हा तो प्रश्न साधा नसतो. पावती घरात शोधा, मग उत्तर द्या.

३. खाकीतला माणूसही अर्ज लिहून घ्यायला येतो, आणि तेव्हा तो वेगळा दिसतो. साध्या कपड्यात एक जमादार दुकानात आले होते. मुलीच्या बारावीच्या परीक्षेसाठी आठ दिवस सुटी हवी होती. तोच अर्ज तिसऱ्यांदा लिहून घेत होते. पोळ्याला बंदोबस्त, गणपतीला बंदोबस्त, देवीला बंदोबस्त, निवडणूक आली की जिल्ह्याबाहेर. "सायबानं अर्ज वाचलाई नाई, फेकून देल्ला," म्हणाले, आणि बोलताना त्यांचा चेहरा अगदी त्या भाजीवाल्या बाईंसारखा झाला. २०१६ साली मुंबईत देवनारच्या ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला होता, तेव्हा आपल्याकडेही ते येईल असे पोलिसांच्या घरच्यांना वाटले होते. बारा-बारा तास उभे राहणाऱ्याच्या तोंडी गोड शब्द कुठून यायचे, हे मला समजते. ठाण्याच्या दारावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' लिहिलेले असते. ते पेलायला निदान झोप झालेली हवी. पण थकलेल्या माणसाने रागावून बोलणे वेगळे आणि खोटे लिहायला लावणे वेगळे. पहिले मी विसरू शकतो.

४. 'तू' हा शब्द आमच्याकडे मायेचा आहे, म्हणून तो टेबलापलीकडून आला की जास्त लागतो. वऱ्हाडात आपण आईला 'तू' म्हणतो, आजीलाही 'तू', आणि देवाला तर म्हणतोच. पुण्याकडच्या पाहुण्याला ते उद्धट वाटते, आपल्याला नाही. पण पासष्ट वर्षांच्या माणसाला "कायले आला बे?" असे विचारले जाते, तेव्हा त्या 'तू'मधली माया गेलेली असते आणि फक्त पायरी दाखवलेली असते. याचा मला फार राग यायचा. मग एके दिवशी दुकानात कामाला ठेवलेल्या पोराने सहज विचारले, "काका, तुमी धोतरवाल्याले तू म्हंता अन् पॅन्टवाल्याले तुमी, असं काऊन?" मी नाही म्हणालो. नंतर चार दिवस स्वतःकडे लक्ष ठेवले. पोरगा खरे बोलत होता. धोतर, फाटकी चप्पल, डोक्यावरचा दुपट्टा पाहिला की माझ्या तोंडून आपोआप "सांग काय झालं" निघत होते. त्यातले निम्मे माझ्या बापाच्या वयाचे होते. सवय मोडायला वर्ष गेले, आणि अजून गर्दीत कधीतरी जीभ घसरते.

५. बातमी छापली की ती आपली राहत नाही, हे मी वार्ताहर असताना कोणी सांगितले नाही. एका जिनिंगमध्ये चोरी झाली. पोलिसांनी रात्रपाळीच्या राखणदाराला संशयावरून उचलले आणि मला तोंडी माहिती दिली. मी त्याचे नाव, गाव, वय, सगळे लिहिले. मथळा होता 'राखणदारच निघाला चोर'. तो मीच सुचवला होता, आणि संपादकांनी शाबासकी दिली म्हणून खूश होतो. तीन दिवसांनी पोलिसांनी त्याला सोडून दिले. खरे चोर दुसरेच निघाले. ती बातमीही मी दिली, पण राखणदाराचा त्यात उल्लेख नव्हता. पत्रात जागा नव्हती, असे मी स्वतःला सांगितले.

सात-आठ महिन्यांनी त्याची बायको मला भेटायला आली. पदराच्या गाठीतून तिने ते कात्रण काढले. घड्यांवर फाटत आलेले होते. नवऱ्याला कुठे काम मिळत नव्हते. जिथे जाईल तिथे कोणीतरी 'तो पेपरातला' म्हणायचे. तिचे मागणे एवढेच होते, "याच्याच खाली 'सोडून देलं' असं छापून देता का?" तिला वाटत होते, छापलेल्या कागदाखाली आणखी एक ओळ छापता येते. मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, आता ते शिळे झाले. मग महिन्याभराने मी वार्ताहरकी सोडली. हे सांगताना मोठेपणा वाटावा असे काही नाही, कारण ती ओळ काही छापली गेली नाही.

पोलिसांनी आरोपींबद्दल पत्रकारांना काय सांगावे आणि काय सांगू नये, याची नियमावली करा, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला सांगितले. ते वाचले त्या दिवशी मला तो पदर आठवला.

६. हे सगळे मला जास्त टोचते, कारण आमच्या मातीला वर्तमानपत्राचा वारसा आहे. लोकनायक बापूजी अणे वणीचे. त्यांनी यवतमाळातून 'लोकमत' हे साप्ताहिक चालवले. पुढे ते नाव घेऊन जवाहरलाल दर्डांनी १९७१ साली नागपुरातून दैनिक काढले, आणि जवाहरलालजींचा जन्म १९२३ सालचा, याच बाभुळगावातला. छापील शब्दासाठी तुरुंगात जायची तयारी असलेल्या माणसांच्या काळातून आपण आलो. आज गावोगाव मोबाइलवर बातम्या देणारी पोरे आहेत. अपघात झाला की ॲम्ब्युलन्सच्या आधी ती पोचतात, आणि जखमीच्या तोंडासमोर फोन धरून विचारतात, "कसं वाटते काका?" त्या पोरांवर मी चिडतो, पण माझ्या हातात तेव्हा फोन असता तर मीही तेच केले असते. त्यांना कोणी शिकवले नाही, मलाही शिकवले नव्हते. एकच सांगावेसे वाटते. ज्याला पकडल्याची बातमी देता, त्याला सोडल्याची बातमीही तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्या.

७. उद्धटपणाला खुर्चीच लागते असे नाही, तो बसच्या सीटवरही बसलेला असतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला. यवतमाळहून येताना एक आजोबा आधार कार्ड हातात धरून उभे होते. खिडकीजवळच्या चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसाने मोठ्याने म्हटले, "फुकटे चढते अन् पैसे देणाऱ्यायले जागा नाई." आजोबांनी कार्ड हळूच खिशात ठेवले. बस भरलेली होती. कोणी काही बोलले नाही. मी उठून जागा दिली, पण त्या माणसाला काही म्हणालो नाही, कारण तो माझ्या ओळखीचा होता.

समाज म्हणूनही आपण असे वागतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ब्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून ते आमंत्रण मागे घेतले गेले. आपल्या जिल्ह्यातल्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, उद्घाटनाला उभ्या राहिल्या, याचा अभिमान मला आजही आहे. पण एक्क्याण्णव वर्षांच्या पाहुणीला बोलावून मग 'येऊ नका' कळवले, याची लाज त्या अभिमानाने पुसली जात नाही. आमच्या घरांत दारी आलेल्या भिक्षेकऱ्यालाही 'पुढं जाय' म्हणताना आजी हात जोडायची.

८. भीती वाटते ती न्यायाच्या दाराची नसते, त्या दारात एकटे उभे राहण्याची असते. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मीच कितीदा गिऱ्हाइकांना ऐकवली असेल. त्या भाजीवाल्या बाईंबरोबर मात्र मी स्वतः ठाण्यात गेलो. नवा अर्ज त्यांना विचारून विचारून लिहिला होता. किती वाजता, कुठे बसल्या होत्या, पोत्याच्या कोणत्या बाजूला फोन होता, शंका कोणावर आणि का. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर खोक्यावरून उतरवून घेतला. बिलाची झेरॉक्स लावली. टेबलावर तोच माणूस होता. छातीवरच्या पट्टीवरचे आडनाव वाचून मी "नमस्कार, अमुक साहेब" म्हणालो, तर त्याने पहिल्यांदा मान वर केली. पण अर्ज घेतला नाही. "साहेब नाहीत, उद्या या." दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी कलम १७३च्या पोटकलम चारचा दाखला देऊन तीच फिर्याद रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवली. ठाण्याने दाद दिली नाही, तर ही सोय कायद्यानेच ठेवलेली आहे. जुन्या कायद्यातही होती. बावीस वर्षांत मी ती एकदाही वापरली नव्हती. आठवड्याभरात बाईंना ठाण्यातून फोन आला. बसायला खुर्ची दिली आणि गुन्हा नोंदवून नक्कल हातात दिली, पैसे न मागता. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. दुकानात येऊन त्यांनी तो कागद टेबलावर पसरला, बोट फिरवत फिरवत 'चोरी' या शब्दावर थांबल्या आणि विचारले, "हेच ना?"

हेच, म्हणालो.

मोबाइल अजून मिळालेला नाही. बँकेशी पत्रव्यवहार चालू आहे. पोलिसांत द्यायच्या अर्जाचे मी आता पैसे घेत नाही, आणि 'माझी कोणावरही शंका नाही' ही ओळ संगणकातल्या साच्यातून काढून टाकली आहे. तुमच्यावर कधी अशी वेळ आली आणि अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागला, तर तो आधी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. सही त्यानंतर करा.