बोटाच्या ठशाचं कुलूप: खर्च किती, फायदा काय?

दुकानाचा पैसा आता गल्ल्यापेक्षा फोनवर जास्त येतो. घाऊक व्यापाऱ्याची बाकी, वीजबिल, जीएसटी सगळं त्याच फोनवरून भागतं. आणि त्या फोनचा चार आकडी पिन काउंटरवरच्या मुलालाही पाठ असतो. ठसा किंवा चेहरा वापरून हे कुलूप मजबूत करायला किती पैसे लागतात, ते पाहू.

फोनवरचा ठसा: शून्य रुपये
बँकेच्या ॲपच्या सेटिंगमध्ये ‘बायोमेट्रिक’ चालू करा. ठसा फोनमध्येच राहतो, बँकेकडे जात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयवरही पिनऐवजी ठसा किंवा चेहरा वापरायला परवानगी मिळाली. सुरुवातीची मर्यादा ५,००० रुपये. ठसा चालू करण्याआधी एक काम करा. फोनमध्ये कोणाकोणाची बोटं नोंदवली आहेत ते पाहा. मुलाचं, नोकराचं बोट असेल तर काढून टाका.

आधारवरचं कुलूप: शून्य रुपये
आधारशी जोडलेल्या खात्यातून गावातल्या बँक मित्राकडे आधार क्रमांक आणि ठशावर पैसे निघतात. पिन नाही, ओटीपी नाही. खरेदीखतांवरचे अंगठे उचलून बनावट ठशांनी खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. पिन बदलता येतो, बोट कसं बदलणार? म्हणून ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बायोमेट्रिक लॉक’ करा. गरज पडेल तेव्हा ते तात्पुरतं उघडता येतं. याचे पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

आधारमधली दुरुस्ती: ७५ ते १२५ रुपये
ओटीपीसाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. नसेल तर केंद्रावर ७५ रुपये. पीठ, चुना, सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते वाचत नाही. ते नव्याने घ्यायला १२५ रुपये. दोन्ही कामं एकाच फेरीत केली तर १२५ मध्येच होतात. हे दर १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे आहेत. पावती घ्याच.

ठसे घेणारं यंत्र: साधारण अडीच ते साडेतीन हजार
हे फक्त तुम्ही स्वतः आधारवर पैसे देण्याची सेवा चालवत असाल तरच घ्या. ‘एल-१’ प्रमाणित आहे ना, आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाचे किती, हे घेण्याआधीच विचारा. स्वतःचे व्यवहार सांभाळायला फोन पुरतो.

फसवणूक झालीच, तर वेळ सर्वांत मोलाची. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार नुकसानीचा भार तुमच्यावर येत नाही.

सर्वांत गरजेची दोन्ही कुलपं फुकट आहेत. आज शटर ओढण्याआधी दहा मिनिटं काढा आणि ती लावूनच घरी जा.