न्हाणीची ओल: आधी पाणी थांबवा, मग भिंत वाळवा, प्लास्टर शेवटी



पोळा झाला. आता थोड्याच दिवसांत पहिला वेचा घरात येईल. त्याआधी आपल्या घरातली एक जागा बघून घ्या, न्हाणीच्या मागची भिंत आणि तिच्या बुडाशी असलेली जमीन.

आधी माझी चूक सांगते. मागच्या वर्षी गटातल्या एका काकूंनी याच भिंतीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. मी म्हटलं, "काकू, सिमेंटचं प्लास्टर करून घ्या." तेव्हाच एक आजी म्हणाल्या होत्या, "मॅडम, भिंत आतून ओली हाये ना वो, वरून लिपून काय होते?" मी ऐकलं नाही. दिवाळीपर्यंत पोपडे निघाले. प्लास्टर गेलं, हप्ते मात्र राहिले. म्हणून हा पाठ.

ओल कुठून येते ते शोधा

रात्री न्हाणीच्या मोरीला घट्ट बोळा लावा. दोन बोटं पाणी भरा आणि भिंतीवर कोळशाने खूण करा. सकाळी पाणी बरंच उतरलं असेल, तर ते फरशीच्या सांध्यांतून किंवा कोपऱ्यातून जिरतंय. पाणी तसंच असेल, तर नळाचा पाइप, मोरीचा पाइप आणि शोषखड्डा बघा. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे फरशी हलते, सांधे उघडतात. भेगा दरवर्षी बघाव्या लागतात त्या यासाठीच.

सांधे खरवडून सिमेंटने भरा. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्याला गोलाई द्या. उतार मोरीकडेच ठेवा.

मग वाळवा

1. भिंतीत बोर्ड किंवा वायर असेल तर आधी मेन स्विच बंद करा. ओल्या भिंतीतून शॉक बसतो. वायरमनला दाखवल्याशिवाय तिथे पंखाही लावू नका.
2. कोठी, पेटी, गटाची रजिस्टरं भिंतीपासून हातभर दूर, पाटावर ठेवा.
3. सुटलेले पोपडे काढा. हलणारी फरशी उचला, खालचा मुरूम पाणी धरून ठेवतो.
4. उघडीप असेल तेव्हा समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. झड लागली असताना उघडून उपयोग नाही, हवाच ओली असते.
5. फळ्या, पाट सावलीत उभे करून वाळवा, मधे फट ठेवा. कडक उन्हात लाकूड वाकतं, तडकतं. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांहून जास्त पाणी राहिलं, तर त्याला बुरशी धरते. ओलीला वाळवीही येते. चौकटीच्या बुडाला सुरी टोचून बघा. सहज आत गेली तर लाकूड कुजलंय.
6. बंद खोलीत शेगडी पेटवून भिंत वाळवू नका. तो धूर जीव घेतो.

काळी बुरशी कोरडी झाडू नका. तोंडाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लिचिंग पावडर आणि संडासचं अ‍ॅसिड एकत्र कधीच करू नका, विषारी वायू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच सांगितलंय की ओल आणि बुरशीच्या घरात खोकला, दमा वाढतो. लहान लेकराचं अंथरूण त्या भिंतीला लावू नका.

वाळली का, कसं ओळखाल?

हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून एक रात्र, एक दिवस ठेवा. काढल्यावर आतून थेंब दिसले तर ओल अजून आहे. जाड भिंतीला आठवडे लागतात, कधी महिनेही. घाई करू नका. मातीच्या भिंतीला तर सिमेंट नकोच, आत ओल कोंडते. मातीचाच गिलावा द्या.

कापसाचं काय?

सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, 8 ते 12 मध्ये कपात होते आणि 12 च्या वर कापूस घेत नाहीत. ओल्या भिंतीला टेकवलेला ढीग ओलावा ओढतो. म्हणजे ही न्हाणीची ओल थेट आपल्या पट्टीतून पैसे कापते.

पुढच्या बैठकीत बोला

- आपल्या गटात किती घरांत अशी ओल आहे?
- दुरुस्तीचं कर्ज देताना आधी गळती बंद झाली का, हे कोण बघणार?

दोन सख्यांनी घरी जाऊन भिंतीला हात लावून बघावं, मगच ठराव लिहावा. आजींचं म्हणणं मी आता माझ्या डायरीत लिहून ठेवलंय.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, राळेगाव