सापाची भीती आणि सापाची ओळख

आषाढात मुळशीत भाताची लावणी सुरू झाली की सापांच्या गोष्टीही सुरू होतात. पौडच्या बाजारात, जीपमध्ये, विहाराच्या ओट्यावर. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण त्यातून तो नेमकं काय शिकतो?

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका लक्षात ठेवणं हे त्याचं एक मुख्य काम. त्यासाठी स्वतःला साप चावावा लागत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात सुसान मिनेका आणि मायकल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांवर प्रयोग केले. या माकडांना सापाची भीती नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहिलं आणि तीही घाबरू लागली. त्याच रीतीने फुलांची भीती मात्र ती शिकली नाहीत. आपली मुलंही आई-आजीच्या चेहऱ्याकडे पाहून अशीच शिकतात.

एवढी भीती जीव वाचवते. बिघडतं ते चिंता मुरली की. धोक्याची खूण दिसली तर सगळेच दचकतात, पण चिंतेने ग्रासलेला माणूस निर्धोक खुणेलाही इतरांपेक्षा जास्त दचकतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. फरक करायला शिकणंच राहून जातं. पाण्यातला दिवड बिनविषारी, उंदीर खाणारी धामणही बिनविषारी. दोन्ही काठीखाली मरतात. शिवाय घाबरलेला माणूस जवळ जाऊन ओळख करून घेत नाही, म्हणून त्याची समजूत दुरुस्त व्हायची संधीही येत नाही.

याहून घातक प्रकार मांत्रिकाकडे घडतो. बिनविषारी साप चावला तरी घाबरलेल्याची छाती धडधडते, घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात. विषारी साप चावतो तेव्हाही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस आपोआप बरा होणारच असतो. पण त्या वेळी समोर मांत्रिक असतो, म्हणून मन शिकतं, ‘मंत्राने वाचलो’. सगळी वस्ती तेच शिकते. पुढच्या खेपेला खरंच विष अंगात गेलेली बाई तिथे दोन तास घालवते. दोष तिच्या अडाणीपणाला देणाऱ्यांचा मला राग येतो. घाबरलेलं मन, शिकलेल्याचं असो की न शिकलेल्याचं, असंच शिकतं.

आता मण्यार. भीती फणा, फूत्कार, रक्त, वेदना यांवरून शिकते. मण्यार यातलं काहीच देत नाही. ती बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडकतो. घरचे पित्त समजून ओवा देतात. ‘साप दिसलाच नाही, मग चावला कसा?’ हा प्रश्न वॉर्डात मी कितीदा ऐकला आहे! पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे असा उठला, तर साप दिसला नसला तरी त्याला दवाखान्यात न्यायचं. भीती सगळ्यांना आहे, पण खाट सगळ्यांकडे नाही. कातकरी वाडीवर, वीटभट्टीवर, मजुरांच्या पालात माणसं जमिनीवरच झोपतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातली बहुतेक खेड्यातली.

एकदा बसलेली भीती पुसली जात नाही; तिच्या शेजारी नवी शिकवण बसवावी लागते. तीही शांतपणे, पुन्हा पुन्हा, आणि जिथे लागणार तिथेच. पुण्याच्या सभागृहात ऐकलेलं रात्री दोन वाजता वाडीवर आठवत नाही. म्हणून वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला जमतो तेव्हा एक संध्याकाळ यासाठी ठेवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांची चित्रं दाखवा. प्रतिविषाचं इंजेक्शन याच चौघांच्या विषावर चालतं. मुलांना पुढे बसवा. एकाला रुग्ण करून फळी आणि ओढणीने त्याचा पाय हलणार नाही असा बांधा. आवळून नाही, फक्त आधाराला. कापायचं नाही, चोखायचं नाही, रुग्णाला चालवायचं नाही. अंगठी, जोडवी, पैंजण काढायचे. वेळ लिहून ठेवायची. साप मारून आणायची गरज नाही, डॉक्टर लक्षणं पाहून आणि रक्त गोठतं का ते तपासून ठरवतात. १०८ ला फोन लावायचा. रेंज नसलेल्या वाडीत रात्री गाडी कोण काढणार, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवा.

पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा साठा किती आहे, रात्री डॉक्टर असतात का, श्वास थांबला तर पुढे कुठे पाठवतात, हे पावसाआधीच्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. घरात मच्छरदाणी असेल तर ती अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचा. डासांसाठी घेतलेली ती जाळी मण्यारीलाही अडवते.