दऱ्यांतील जुनी शेते

चिखलदऱ्याच्या कड्यावरून खाली दृष्टी टाकली, की दूरवर पसरलेले सागाचे रान दिसते. पावसाळ्यात धुके वर चढू लागले म्हणजे तर या दऱ्यांना मनुष्याचा स्पर्श कधी झालाच नसावा, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु ही समजूत खरी नव्हे. याच उतारांवर पूर्वी गुरे चरत आणि पिके डोलत.

गवळी आणि कोरकू हे येथील जुने रहिवासी. गवळ्यांची आठवण जवळच्या गाविलगड किल्ल्याच्या नावात उरली आहे, असे मानतात. कोरकूंची भाषा मुंडा कुळातील आहे. तीत सागाला ‘सिपना’ म्हणतात, आणि मेळघाटातून वाहत जाऊन तापीस मिळणाऱ्या नदीचे नावही सिपनाच.

कोरकूंची शेती एका जागी स्थिर नसे. हिवाळ्यात उतारावरील झाडेझुडपे तोडून ती वाळू देत आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पेटवून देत. राखेचा थर हेच खत. नांगर लागत नसे. पाऊस जवळ आला म्हणजे कोदो, कुटकी यांचे बी राखेत फेकीत. उतार फारच उभा असेल, तर बी वरच्या कडेलाच ठेवीत. पावसाचे पाणी ते खाली पसरवी! दोन-तीन वर्षांनी जमिनीचा कस उतरला, की ती सोडून दुसरी जागा धरीत आणि पहिलीवर पुन्हा रान माजे. या पद्धतीस ‘दहिया’ म्हणत. कॅप्टन फोरसिथ याने 1871 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सातपुड्यातील या शेतीचे वर्णन केले आहे.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. रुळांखाली घालावयास टिकाऊ लाकूड हवे होते, म्हणून सागाचे मोल एकाएकी वाढले. वनकायद्यांनी जंगले सरकारच्या ताब्यात आली आणि दहियावर बंदी पडली. आगीने साग जळे हे खरेच. पण कुऱ्हाड सरकारच्याही हाती होती, हे विसरता येत नाही. लाकूडतोडीला व वणवे विझवण्याला माणसे हवीत, म्हणून वनखात्याने रानातच गावे वसवली. काल ज्यांची शेती बंद झाली, तेच आज तेथील मजूर झाले.

चिखलदऱ्यास थंड हवेचे ठिकाण म्हणून रूप आले, तसे तेथे कॉफीचे मळेही लागले. महाराष्ट्रात कॉफीचे पीक विरळाच. म्हणून हे झाड पाहण्यासारखे आहे.

पुढे 1973 साली व्याघ्रप्रकल्पाची योजना निघाली. पहिल्या 9 क्षेत्रांत मेळघाटची निवड झाली. वाघास निवांत रान हवे, म्हणून या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे रानाबाहेर हलवण्यात आली. पुढे आणखीही गावे उठली. सपाटीवर शाळा आणि रस्ता जवळ आले. परंतु मोहाची फुले, तेंदूची पाने आणि नदीचे मासे दुरावले. पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगलेल्या कुटुंबांना हा बदल सोपा नव्हता.

सोडलेल्या शेतांत आता गवत वाढते. संध्याकाळी सांबरांचे कळप तेथे चरावयास उतरतात.